मांजराची माती सशाला नको

ससा विकत घेताना माणसं रंग बघतात, कान बघतात, पिंजऱ्याच्या भावात घासाघीस करतात. तो दिवसभर बसणार कशावर, हा प्रश्न दुकानात सहसा निघत नाही. निघालाच तर फळीवरची मांजराच्या मातीची पिशवी पुढं येते. ती पिशवी परत फळीवर ठेवायला सांगा. दुकानदाराला ती सशाला चालत नाही हे माहीत नसेल तर त्यानं शिकून घ्यावं. माहीत असून देत असेल तर तो जनावराच्या जिवावर पैसे कमावतोय.

ओल लागली की गोळा होणारी ही माती म्हणजे बेंटोनाइट. आपल्याकडं ती कच्छच्या खाणींतून निघते. पाणी पिऊन कित्येक पट फुगणं हाच तिचा गुण, आणि म्हणूनच ती मांजराला सोयीची. मांजर ट्रेमध्ये शिरतं, काम उरकतं, निघून जातं. ससा तिथंच ठाण मांडतो. तिथंच चघळतो, तिथंच पाय चाटतो, तिथंच कुरतडून बघतो. पोटात गेलेली माती आतड्यात फुगते, आणि सशाला उलटी करता येत नाही. निसर्गानं त्याला ती सोयच दिलेली नाही. आत अडकलं ते अडकलं.

म्हणून सशाखाली जे अंथराल ते त्याच्या पोटात आणि नाकात जाणार, हे धरूनच चाला. या दोन कसोट्यांना जे उतरत नाही ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

नाकाची गोष्ट पोटाइतकीच गंभीर आहे. ससा नाकानंच श्वास घेतो. नाक चोंदलं म्हणून तोंडानं भागवणं त्याला जमत नाही. त्यात त्याची लघवी भरपूर. वजनाच्या एका किलोमागं दिवसाला सरासरी १३० मिलीच्या आसपास. दोन किलोचा ससा म्हणजे पाव लिटरच्या पुढं. ती खाली साचली, बारामतीच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली किंवा बंद गॅलरीत तापली, की अमोनिया सुटतो. आपल्याला दारातून वास येतो तेव्हा सशाचं नाक त्या वासापासून चार बोटांवर असतं. शिंका, वाहतं नाक, ओले पुढचे पंजे हे दुखणं पुष्कळदा इथून सुरू होतं. मग डॉक्टरकडं धावायचं, औषधं घालायची, आणि खालची ओली गादी तशीच. त्या औषधाचा गुण कसा येणार?

आता आपल्या भागाकडं येऊ. बारामती आणि इंदापूर हे तालुके कोंबड्यांचे आणि उसाचे. त्यामुळं इथं सशाखाली काय घालावं याचा सल्ला दोनच ठिकाणांहून येतो: पोल्ट्रीवाल्या मित्राकडून, नाहीतर कारखान्यात कामाला असलेल्या पाहुण्याकडून. दोघंही मनापासून सांगतात. पण दोघांनाही सशाची माहिती नसते.

पोल्ट्रीवाला म्हणतो, भाताचं तूस घाल. कोंबड्यांच्या गादी पद्धतीत तूस उत्तम, यात वाद नाही. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, तिची विष्ठा तुसात मिसळते, सुकते, वरखाली केली की भागतं. सशाचं तसं नाही. तुसाच्या दाण्याला बाहेरून गुळगुळीत, सिलिकानं भरलेलं कवच असतं. ते पाणी शोषत नाही, वाट करून देतं. लघवी खाली उतरते, तळाशी डबकं होतं, वरचा थर मात्र कोरडा दिसतो. मालकाला वाटतं अजून दोन दिवस चालेल. शिवाय तुसाची टोकं अणकुचीदार आणि धूळ भरपूर. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. ती घासली की टाचा सोलवटतात, जखमा होतात आणि लवकर भरत नाहीत. पोल्ट्रीतल्यासारखा वरून चुना भुरभुरायचा सल्लाही मिळतो. सशाच्या ओल्या टाचांवर चुना टाकणं म्हणजे त्या भाजून काढणं. आणि शेडमधून काढलेलं जुनं तूस, म्हणजे कोंबडखत, सशाजवळ नेऊही नका. त्याची जागा शेतात.

तारेच्या जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्याबद्दलही इथंच सांगतो. ससेपालनाच्या शेडमध्ये लेंड्या खाली पडाव्यात म्हणून जाळी असते. ती सोय सांभाळणाऱ्याची, सशाची नाही. घरातल्या सशाला आठ-दहा वर्षं जगायचंय. जाळी असेल तर तिच्यावर फळी टाका, त्यावर गवत टाका.

कारखान्यातला पाहुणा बगॅस आणून देतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठलाही कारखाना घ्या, हंगामात बगॅसचे डोंगर उभे असतात. मऊ दिसतं, पाणी शोषतं, वासही गोड. पोतंभर फुकट. या भागातल्या माणसाला सशासाठी याहून चांगलं काही सुचणार नाही, हे मला समजतं. तरीही माझं म्हणणं आहे: नको.

कारण गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं आणि थोडी साखर उरलेली असते. पाणी, साखर आणि ऊब एकत्र आली की ढिगात जंतू वाढतात, ढीग आतून तापतो, बुरशी धरते. अशा साठवलेल्या, बुरसलेल्या बगॅसच्या धुळीनं माणसाच्या फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ सालची, गांगुली आणि पाल यांची, कोलकात्याजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातली. त्या कारखान्यातल्या धडधाकट माणसांची ही गत झाली. दोन किलोचं, नाकानंच श्वास घेणारं जनावर त्याच धुळीत चोवीस तास बसवायचं? शास्त्रशुद्ध वाळवलेलं, धूळ काढलेलं बगॅस वेगळं. पण आपल्या पोत्यात येतं ते ढिगाच्या कडेचं, कधीचं, कसं साठवलेलं याचा पत्ता नसलेलं. ते बॉयलरला जाऊ द्या, कागदाला जाऊ द्या.

पाचटही नको. त्याच्या पात्याची धार हात कापते, आणि पुष्कळ जातींच्या पाचटावर बारीक काटेरी कूस असते. ऊसतोड कामगारांच्या अंगाला विचारा. पाचट शेतातच कुजवा, जमिनीचं भलं होईल.

राहिला लाकडाचा भुसा. वखारीत तो रास पडलेला असतो, फर्निचरच्या दुकानात तर मागितला की झाडून देतात. फर्निचरवाल्याचा भुसा कधीच घेऊ नका, एवढं माझ्या शब्दावर ऐका. त्यात प्लायवूड आणि एमडीएफ कापलेलं असतं. त्यांचे थर आणि तंतू चिकटवायला फॉर्मल्डिहाइडवाला डिंक वापरतात. शिवाय वाळवीचं औषध मारलेलं लाकूड कुठलं, हे त्या ढिगात ओळखता येत नाही.

एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या खोक्यांचा, पॅलेटचा पांढरा सुगंधी कीस सुंदर दिसतो. तो बहुधा पाइनचा. त्या सुगंधातच गोम आहे. १९६७ साली एलियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की सीडर आणि पाइनच्या किसावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली, औषधं पचवणारी विकरं वाढतात. नुसतं त्या किसावर राहून. कच्च्या, वासाच्या पाइनला सशाचे डॉक्टर नको म्हणतात ते यामुळं आणि श्वसनाच्या त्रासामुळं. भट्टीत तापवून दाबलेल्या लाकडाच्या गोळ्यांतली सुगंधी द्रव्यं बरीचशी उडून गेलेली असतात, त्या चालतात. पॅलेट फोडून कीस काढणाऱ्यांनी पॅलेटवरचा शिक्का तरी वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेलं. दुसऱ्याला घरात जागा नाही.

बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या बायोमासच्या गोळ्यांबद्दलही विचारणा होते. दिसायला त्या लाकडी गोळ्यांसारख्याच. पण त्यांत काय काय दळलंय हे कारखानदाराला जळणाच्या हिशेबानं माहीत असतं, खाण्याच्या नाही. आत फक्त स्वच्छ लाकूड आहे असं छातीठोक सांगणारा नसेल तर सोडून द्या. मक्याच्या कणसाचा भरडलेला बुरकुंडाही नको: ससा तो खातो, आतड्यात तो तुंबतो, ओला झाला की बुरसतो. भुईमुगाच्या टरफलांना बुरशीचीच भीती.

एवढं सगळं नको म्हटल्यावर माणूस वैतागतो. मग घालायचं काय?

कागद आणि गवत.

घरात रोज येणारं वर्तमानपत्र घ्या. चकचकीत पुरवणी बाजूला ठेवा, तिचा गुळगुळीत कागद शोषत नाही. साध्या पानांचे आठ-दहा थर उथळ ट्रेमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात घाला. त्यावर चार बोटं कोरडं गवत. लघवी गवतातून खाली उतरते, कागद ती धरतो, सशाचे पाय वर कोरडे राहतात. एखादा तुकडा कुरतडला तर बिघडत नाही. कागदच खात सुटला तर गवत वाढवा. पुठ्ठ्याची खोकीही चालतात, चिकटपट्टी आणि पिना काढून. झेरॉक्सच्या दुकानातला कागदाचा कचरा आणणार असाल तर स्टेपलरच्या पिना एकेक वेचा, आणि बिलाचा तो गुळगुळीत छापील कागद अजिबात घेऊ नका. त्यावर रसायनाचा लेप असतो.

शहरातल्या दुकानांत कागदाच्या लगद्याच्या गोळ्या मिळतात. माल चांगला, पण दर महिन्याला परवडेलच असं नाही. हाच माल घरी होतो. वर्तमानपत्र फाडून गरम पाण्यात भिजवा, कालवा, पाणी बदलून धुवा, घट्ट पिळा, चुरा, आणि गच्चीवर उन्हात वाळवा. बारामती-इंदापूरचं ऊन याला फुकटचं यंत्र आहे. फक्त आतपर्यंत खडखडीत वाळलं पाहिजे. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, बुरशी येईल. खरं तर हे काम एखाद्या बचत गटानं हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. भिगवणजवळ भादलवाडीला कागदाचा मोठा कारखाना असलेल्या तालुक्यात सशाचा कागद बाहेरून का यावा?

गवताबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ते गादीही आहे आणि जेवणही. सशाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा सुक्या गवताचा असायला हवा. गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे. परदेशी टिमोथी गवताच्या पिशव्या ऑनलाइन मागवून खिसा रिकामा करणारे भेटतात. आपल्याकडं मारवेल आहे, पवन्या आहे, डोंगरी आहे. मारवेलचा तर राहुरीच्या कृषी विद्यापीठानं सुधारित वाणही दिलाय. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा ओळखीच्या गोठेवाल्याकडं चौकशी करा, सुकं मारवेल मिळेल. बांधावर चार ठोंब लावले तर विकत घ्यावंच लागणार नाही. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त, आणि ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. ट्रेच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा गादी म्हणून चालेल, पोट भरायला पुरेसा नाही.

सगळ्यात जपायचं ते कुसळीपासून. कडबनवाडीचा माळ किंवा सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पावसाळ्यानंतर ज्यानं पायी पाहिलंय त्याच्या विजारीला ती चिकटलेली असेल. कुसळीचं बी भाल्यासारखं, पिळा घेत आत शिरणारं. सशाच्या हिरड्यांत, डोळ्यांत, तळपायात ते रुतलं की गळू होतं. फुलोऱ्यानंतर कापलेल्या गवताचा भारा आणलात तर तो उन्हात पसरून, हाताळून, कुसळं बघूनच घाला.

त्याच माळावर काळ्या मानेचा रानससा राहतो. घरातला ससा त्याचा भाऊ नव्हे. रानससा बीळ खणत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावर जन्मतात. घरातला ससा मूळ युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा, त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी. फरक महत्त्वाचा, कारण बिळात टोळीनं राहणारा ससा ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. म्हणूनच त्याला ट्रेची सवय लागते. रानसशाचं पिल्लू शेतात सापडलं तर उचलून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे, आणि बहुतेक वेळा त्याची आई जवळपासच असते.

सवय लावायला मारझोड लागत नाही. ससा आपणहून कुठल्या कोपऱ्यात बसतो ते दोन दिवस बघा, ट्रे तिथंच ठेवा. आधीच्या चार लेंड्या आणि ओल्या कागदाचा तुकडा आत टाका. गवत ट्रेच्या एका टोकाला ठेवा, कारण ससा खाता खाताच मोकळा होतो. १९८८ पासून अमेरिकेत हाउस रॅबिट सोसायटी घरातल्या सशांसाठी काम करते. तिची शिकवणही हीच. वयात आलेला ससा जिकडंतिकडं फवारे मारायला लागला तर तो हट्टीपणा नाही, ते त्याचं वय आहे. शस्त्रक्रियेनं ते बरंच थांबतं, पण ती सशाचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या.

वास लपवायचा प्रयत्न करू नका. फिनेल नको, डांबराच्या गोळ्या नकोत, पिंजऱ्याशेजारी अगरबत्ती नको. वास येतोय म्हणजे कागद बदलायची वेळ टळून गेली. रोज सकाळी बदला, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. पांढरा थर व्हिनेगरनं निघतो. साध्या पाण्यानं धुवून ट्रे उन्हात वाळवा. काढलेला कागद, गवत आणि लेंड्या कुंडीत किंवा खतखड्ड्यात जातात, सशाची लेंडी बागेला उत्तम. मांजराची माती मात्र कुजत नाही. ती घंटागाडीचं वजन वाढवते, आणि संडासात ओतली तर पाइप तुंबवते.

खर्चाचा हिशेब किलोवर करू नका, दिवसावर करा. पिशवीवर काय छापलंय ते सोडा, ती किती दिवस कोरडी राहते ते बघा. या हिशेबात रद्दीचा कागद आणि स्थानिक गवत यांच्या जवळपास दुसरं काही येत नाही. वाचलेले पैसे डॉक्टरसाठी ठेवा, कारण सशाला तपासणारा डॉक्टर आपल्याकडं गाय-म्हशीच्या डॉक्टरइतका सहज मिळत नाही, पुण्याला जायची वेळ येऊ शकते.

साध्या कागदाचा आणखी एक गुण कुठल्याच महागड्या मालात नाही. त्यावर सगळं दिसतं. सशाची लघवी कधी पिवळी, कधी खाल्लेल्या पाल्यामुळं तांबडी येते. तांबडी दिसली की ते रक्तच असेल असं नाही, पण ससा कुंथत असेल किंवा रंग दोन-तीन दिवस तसाच राहिला तर तपासून घ्या. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, गोल, कोरड्या, एकसारख्या. त्या लहान झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर गवत वाढवा. पहाटे तो मऊ लेंड्या थेट गुदद्वारापासून खातो, ते त्याचं दुसरं जेवण आहे, त्याला हटकू नका. आणि बारा तासांत त्यानं काही खाल्लं नसेल, ट्रे रिकामा असेल, तर ते पोट बंद पडल्याचं लक्षण आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्या सकाळवर टाकू नका.